कोणापासून खाजगी? रोजच्या एका पानाचे परीक्षण

नववीच्या संगणकाच्या तासाला एका मुलाने विचारले, "बाई, ती काळी खिडकी उघडली की कुणालाच काही कळत नाही ना?" काळी खिडकी म्हणजे ब्राउझरमधली गुप्त खिडकी, टोपी आणि चष्म्याचे चित्र असलेली. उत्तर देण्याआधी मी वर्गालाच विचारले, "ज्यांना असे वाटते त्यांनी हात वर करा." जवळजवळ सगळा वर्ग हात वर करून बसला.

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत हाच प्रश्न काढला. तिथे हात वर करायची पद्धत नाही, पण उत्तर वर्गासारखेच आले. आमचे एक सहकारी तर म्हणाले, "मी बँकेचे काम नेहमी त्याच खिडकीत करतो. तिथे व्हायरस येत नाही."

गंमत अशी की ही खिडकी उघडताच जे पान समोर येते, त्यावरच या समजुतींपैकी बऱ्याच समजुतींचे उत्तर छापलेले असते. पाठ्यपुस्तकातला एखादा उतारा मुलांना वर्षानुवर्षे उलटाच समजत असेल, तर आपण मुलांना दोष देत बसत नाही. उतारा पुन्हा वाचून पाहतो. हे पानही तसे वाचून पाहावे असे वाटले. जगभर कोट्यवधी लोकांसमोर रोज येणारा हा विज्ञान-तंत्रज्ञानावरचा छोटासा पाठच आहे. तो पाठ म्हणून कसा उतरला आहे, याचे हे परीक्षण.

पानावर काय आहे?

उदाहरणासाठी गूगल क्रोम या ब्राउझरचे, संगणकावर दिसणारे पान घेऊ. आशय त्या पानाचा, शब्द माझे. आवृत्तीनुसार थोडाफार फरक दिसेल.

सुरुवातीला सांगितले आहे की हे उपकरण वापरणाऱ्या इतरांना तुम्ही काय पाहिले ते दिसणार नाही. मात्र उतरवून घेतलेल्या फाइली आणि खूण करून ठेवलेली पाने तशीच राहतील. पुढचे वाक्य असे, की तुम्ही ज्या संकेतस्थळांना भेट देता ती, आणि ती ज्या सेवा वापरतात त्या, गूगलसुद्धा, तुमची माहिती ज्या पद्धतीने गोळा करतात, तीत या खिडकीमुळे बदल होत नाही. मग दोन याद्या आहेत. पहिलीत ब्राउझर काय जपून ठेवणार नाही ते: पाहिलेल्या पानांची नोंद, कुकी, अर्जांत भरलेला मजकूर. दुसरीत तुमच्या हालचाली कोणाला दिसू शकतात ते: भेट दिलेली संकेतस्थळे, तुमची कचेरी किंवा शाळा, आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी.

आधी गुण नोंदवू. मजकूर थोडका आहे, वाक्ये सोपी आहेत आणि मला त्यांत एकही असत्य विधान सापडले नाही. 'काय मिळणार नाही' हे पहिल्याच पानावर सांगणारी उत्पादने बाजारात फारशी नसतात. तेव्हा हे पान खोटे बोलते असा माझा आक्षेप नाही. माझी तक्रार वेगळी आहे: ते खरे बोलते, तरीही वाचणारा चुकीचेच शिकतो.

खरी वाक्ये, खोटा समज

ही केवळ माझ्या वर्गातली गोष्ट नाही. २०१८ साली अमेरिका आणि जर्मनीतील संशोधकांनी ४६० जणांवर एक प्रयोग केला. सहा लोकप्रिय ब्राउझरांची संगणकावरची आणि मोबाइलवरची अशी बारा निवेदने घेतली आणि तुलनेसाठी तेरावे एक वेगळे निवेदन ठेवले. प्रत्येकाला यांपैकी एकच वाचायला दिले आणि मग वीस प्रसंग सांगून विचारले, "अशा वेळी काय होईल?"

निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. निवेदन नुकतेच वाचलेले असूनही बहुतेक गैरसमज टिकून राहिले. खाजगी खिडकीमुळे आपले ठिकाण कळत नाही, जाहिराती येत नाहीत, व्हायरस येत नाही, संकेतस्थळाला किंवा इंटरनेट पुरवठादाराला माग काढता येत नाही, अशा त्या समजुती. आमच्या बँकवाल्या सहकाऱ्यांना परदेशातही सोबत आहे म्हणायचे. एवढेच नव्हे, तर काही निवेदने वाचून काही गैरसमज वाढलेले आढळले.

शिक्षकाला हे नवीन नाही. 'ऋतू पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे होतात' हे वाक्य मुले पाठ म्हणतात आणि पुढच्याच प्रश्नाला 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते' असे लिहितात. वाक्य बरोबर असते, पण मनात चित्र नसते. चित्र नसले की वाक्य टिकत नाही आणि जुनी समजूत परत येऊन बसते. या पानाचे नेमके हेच झाले आहे. त्यात याद्या आहेत, पण त्यांमागचे चित्र नाही. ते आधी काढून पाहू.

सुटलेली पायरी

आपल्याला वाटते की संकेतस्थळ 'पाहणे' हे दूरदर्शन पाहण्यासारखे आहे. समोरच्याला आपण दिसत नाही, आपण नुसते पाहतो. प्रत्यक्षात ते पत्रव्यवहारासारखे आहे. आपण पान उघडले की ब्राउझर त्या संकेतस्थळाच्या सर्व्हरला पत्र पाठवतो, "अमुक पान पाठवा." पत्रावर परतीचा पत्ता लागतोच, नाही तर उत्तर येणार कुठे? हा पत्ता म्हणजे आयपी पत्ता. शिवाय ब्राउझर कोणता, भाषा कोणती, आणि बरेचदा आपण कोणत्या संकेतस्थळावरून आलो, हेही पत्रात असते.

हा पत्रव्यवहार ज्या नियमांनी चालतो त्यांत एक वैशिष्ट्य आहे. सर्व्हरला आधीचे पत्र आठवत नाही. प्रत्येक पत्र त्याला पहिलेच. त्यामुळे दुकानाच्या संकेतस्थळावर एक वस्तू निवडून दुसरे पान उघडले, की पहिली निवड विसरली जाई. यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी तोड काढली. तीच कुकी.

सरकारी दवाखान्यातला केसपेपर आठवा. पहिल्या खेपेला आपल्याला एक नंबर मिळतो. पुढच्या वेळी आपण नंबर दाखवला की आतल्या कपाटातून आपली फाइल निघते. कुकी म्हणजे हा नंबर. तो आपल्या पिशवीत, म्हणजे ब्राउझरमध्ये राहतो. फाइल मात्र त्यांच्या कपाटात असते. हा फरक मुलांच्या मनात पक्का बसवायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. पिशवीतला नंबर फाडून टाकला म्हणून कपाटातली फाइल नाहीशी होत नाही.

आता दुसरी गोष्ट. बातम्यांचे एक पान उघडले तरी त्यातला सगळा माल एका घरचा नसतो. बातमी वर्तमानपत्राच्या सर्व्हरवरून येते, पण जाहिरात, वाचक मोजणारे यंत्र, चित्रफीत हे दुसऱ्या कंपन्यांकडून येते. त्या प्रत्येकाला आपला ब्राउझर स्वतंत्र पत्र पाठवतो, आपल्याला न विचारता. बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानात एकाच पेढीचा एकेक मुनीम कोपऱ्यात बसला आहे अशी कल्पना करा. कापडवाल्याकडे तो तुमचा नंबर टिपतो, औषधाच्या दुकानात तोच नंबर टिपतो, पुस्तकाच्या दुकानातही. दुकानदारांना फक्त आपापल्या दुकानातले माहीत असते. पेढीला सगळा बाजार माहीत असतो, आणि आपण मात्र त्या पेढीची पायरीही चढलेलो नसतो. या मुनिमाच्या नंबराला 'त्रयस्थ कुकी' म्हणू.

आता खिडकीचे काम दोन वाक्यांत सांगता येते. गुप्त खिडकी उघडणे म्हणजे नवी कोरी पिशवी घेऊन बाजारात जाणे. ती बंद करणे म्हणजे पिशवी आणि घरातली रोजनिशी फेकून देणे. क्रोमच्या गुप्त खिडकीत मुनिमाला नंबर दाखवायलाही मनाई असते. पण पत्रे जातातच, परतीचा पत्ता तोच असतो, ज्याच्या तारेतून पत्र जाते त्याला ते कोणाच्या नावे गेले ते दिसते, आणि दुकानदारांची व पेढीची कपाटे जागच्या जागी असतात.

याचा पडताळा दोन मिनिटांत घेता येतो. साध्या खिडकीत आपला आयपी पत्ता दाखवणारे एखादे संकेतस्थळ उघडा आणि आकडा फळ्यावर लिहा. मग गुप्त खिडकीत तेच पान उघडा. आकडा तोच. माझ्या वर्गात यानंतर जी शांतता पसरली, ती त्या पानावरच्या कोणत्याही वाक्याने पसरली नसती.

नंबराशिवाय ओळख

पिशवीत नंबरच नसेल तर ओळख पटेल का? पानावर याविषयी एक शब्द नाही.

माणसाला उंचीवरून ओळखता येत नाही. पण उंची, चाल, चपलांचा आवाज आणि छत्रीचा रंग हे एकत्र केले की पाठमोरा माणूसही ओळखू येतो. ब्राउझरचेही तसेच. पडद्याचा आकार, बसवलेले टंक, भाषा, घड्याळाचा प्रदेश, ब्राउझरची नेमकी आवृत्ती यांतली कोणतीही एक गोष्ट सामान्य, पण सगळ्यांचा मेळ मात्र वेगळा. याला 'ब्राउझरचा ठसा' म्हणतात. यांतल्या बहुतेक गोष्टी गुप्त खिडकीतही त्याच राहतात.

गणिताच्या शिक्षकांना इथे चांगला धडा आहे. हो-नाही असे उत्तर असलेला एक प्रश्न गर्दी निम्मी करतो. असे ३३ प्रश्न विचारले तर २ चा ३३ वा घात, म्हणजे सुमारे ८५९ कोटी माणसे वेगवेगळी ओळखता येतात. जगाची लोकसंख्या त्याच्या आतच आहे. २०१० साली अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझरांचे ठसे तपासले. एका ठशात किमान १८.१ प्रश्नांइतकी माहिती निघाली. म्हणजे फार तर २ लाख ८६ हजारांत एखादाच जुळा सापडावा. तपासलेल्यांपैकी ८३.६ टक्के ब्राउझर एकमेव होते.

हा आकडा भाषणांतून फार फिरतो, म्हणून दुसराही सांगायला हवा. २०१८ साली फ्रान्समधील एका लोकप्रिय संकेतस्थळावर २० लाखांहून अधिक ठसे तपासले, तेव्हा एकमेव ठसे निघाले ३३.६ टक्के. मोबाइलवर तर त्याहून कमी. पहिल्या पाहणीत खाजगीपणाची मुद्दाम काळजी करणारे लोक जास्त आले होते, दुसऱ्या पाहणीत सर्वसाधारण वाचक होते, आणि मधल्या आठ वर्षांत ब्राउझरही बदलले होते. नमुना बदलला की उत्तर बदलते. मुलांना घाबरवण्यासाठी पहिला आकडा वापरणे आणि निश्चिंत करण्यासाठी दुसरा वापरणे, दोन्ही गैर.

याच सावधपणाने स्वतःचा एक अनुभव सांगते. आईच्या आजारपणात मी तिच्या विकाराची माहिती गुप्त खिडकीत शोधत होते. मध्येच मेल पाहायचा म्हणून त्याच खिडकीत माझ्या खात्याने लॉगिन केले आणि पुढचा शोध तसाच चालू ठेवला. नंतर कित्येक दिवस माझ्या फोनवर त्या विकाराच्या तपासण्यांच्या जाहिराती येत राहिल्या. घरात कोणाशी बोलायचे धैर्य नव्हते त्या दिवसांत फोनने ते माझ्याशी बोलावे, याचा मला फार त्रास झाला. पण विज्ञानाची शिक्षिका म्हणून मान्य केले पाहिजे की यावरून काही सिद्ध होत नाही. त्याच आठवड्यात मी फोनवरून दोन प्रयोगशाळांचे पत्ते शोधले होते. कारण कोणते, हे मला बाहेरून ठरवता येत नाही. एक मात्र निश्चित आहे. नाव सांगून आत गेल्यावर कोऱ्या पिशवीला काही अर्थ उरत नाही. २०१८ च्या प्रयोगातही निम्म्याहून अधिक लोकांना वाटत होते की खात्यात लॉगिन केलेले असले, तरी या खिडकीतले शोध नोंदले जाणार नाहीत. एवढा मोठा गैरसमज असताना पानावर 'लॉगिन' हा शब्द ठळकपणे असायला नको का?

नाव, चित्र आणि विनोद

मजकूर एकीकडे खेचतो आणि नाव दुसरीकडे. 'गुप्त' म्हटल्यावर आपल्याला गुप्तहेर आठवतो, आणि वर टोपी-चष्म्याचे चित्र त्याला दुजोरा देते. वेषांतर केलेल्याला कोणीच ओळखत नाही असा त्या चित्राचा सरळ अर्थ. खाली बारीक अक्षरांत 'बाकीच्यांना दिसू शकते' असे लिहून तो पुसला जात नाही. शीर्षक आणि उतारा यांत विरोध असला तर मुलांच्या लक्षात शीर्षक राहते. हे तर चित्रासह शीर्षक आहे.

ही सोय पहिल्यांदा ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये २००५ साली आली. क्रोममध्ये ती २००८ पासून आहे. क्रोमच्या सुरुवातीच्या पानावर सावधगिरीची एक यादी होती. माहिती गोळा करणारी संकेतस्थळे, इंटरनेट पुरवठादार, कळफलकावर पाळत ठेवणारे घातक प्रोग्रॅम, आणि त्यांच्याच रांगेत गुप्तहेर व तुमच्या मागे उभे असलेले लोक! विनोद म्हणून ठीक आहे, पण पाठ म्हणून चूक. खरी आणि गमतीची उदाहरणे एकाच रांगेत बसवली की वाचणारा सगळ्यांनाच हसून सोडून देतो. तरीही मला त्या यादीतली 'मागे उभी असलेली माणसे' आजच्या पानावरून गेल्याचे वाईट वाटते. आपल्या शाळांत एका संगणकावर तीन मुले बसतात. त्यांच्यासाठी यादीतला सर्वांत उपयोगी इशारा तोच होता.

वगळलेला कर्ता

या पानाच्या भाषेवर पुढे न्यायालयातही वाद झाला. जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील फेडरल न्यायालयात गूगलवर सामूहिक दावा दाखल झाला. गुप्त खिडकीतही कंपनी आपल्या जाहिरात आणि मोजणी सेवांमार्फत माहिती गोळा करते, ही तक्रार. किमान ५ अब्ज डॉलरची मागणी होती. कंपनीचे म्हणणे असे की पानावर सगळे सांगितलेले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायाधीशांनी दावा सुनावणीशिवाय निकाली काढायला नकार दिला. डिसेंबरमध्ये तडजोड झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिच्या अटी पुढे आल्या. जुन्या अब्जावधी नोंदी नष्ट करणे किंवा त्यांतली ओळख पुसणे, गुप्त खिडकीत पाच वर्षे त्रयस्थ कुकी आपोआप अडवणे, आणि पानाचा मजकूर सुधारणे. दाव्यातील लोकांना पैसे मिळाले नाहीत. दावा निराधार होता, ही कंपनीची भूमिका कायम राहिली.

मराठीच्या शिक्षकांनी ही सुधारणा नीट पाहावी. जुन्या पानावर 'भेट दिलेल्या संकेतस्थळांना दिसू शकते' एवढेच होते. नव्या पानावर 'गूगलसुद्धा' हे आले. इतकी वर्षे वाक्यातून जो कर्ता वगळलेला होता, तो स्वतः लिहिणाराच होता! व्याकरणात अध्याहृत कर्ता चालतो. इशाऱ्यात चालत नाही.

दोष एकट्या पानाचा नाही

परीक्षण पानाचे असले तरी सगळे ओझे त्याच्यावर टाकणे बरोबर नाही. मुनिमाचा धोका फार लवकर ओळखला गेला होता. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक मंडळींनी कुकीविषयी जो पहिला मसुदा-नियम प्रसिद्ध केला, त्याचे एक लेखक माँटुली स्वतः होते. वापरणाऱ्याने मुद्दाम परवानगी दिली नसेल तर त्रयस्थ कुकी घेऊ नयेत, असे त्यात म्हटले होते. त्या काळच्या मोठ्या ब्राउझरांनी ते मानले नाही, कारण तोपर्यंत जाहिरातीचा धंदा त्या नंबरांवर उभा राहू लागला होता.

सफारीने सर्व त्रयस्थ कुकी आपोआप अडवायला सुरुवात केली ती मार्च २०२० मध्ये. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक दुकानासाठी वेगळी पिशवी ठेवण्याची पद्धत सर्वांना लागू केली. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांत हेच करण्याचे जाहीर केले, मुदत वारंवार पुढे ढकलली, जुलै २०२४ मध्ये बेत सोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये वेगळी विचारणाही करणार नसल्याचे सांगितले. म्हणजे जे साध्या खिडकीत आपोआप व्हायला हवे होते, ते एका खास खिडकीत कोंबले गेले. काळजी घेण्याची जबाबदारी वापरणाऱ्यावर आली, आणि ती घेण्यासाठी त्याला हे पान वाचून समजावे लागते.

आपल्याकडे ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांचा माग काढणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई केली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. शाळांना शिक्षणाच्या कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती त्यात सूट आहे. म्हणून पानावरच्या दुसऱ्या यादीतील 'शाळा' हा शब्द आपण डोळे झाकून ओलांडू नये. मुलांकडे पाहणाऱ्यांत आपणही आहोत. प्रयोगशाळेतल्या जोडणीवर कोणाला काय दिसते, हे आपणच त्यांना आधी सांगितले पाहिजे.

पान असे लिहिले तर?

नुसते दोष दाखवून परीक्षण संपवू नये, म्हणून मी वर्गासाठी हे पान नव्याने लिहिले:

"तुम्ही काय पाहिले ते हा संगणक विसरेल, पण या सगळ्या खिडक्या बंद केल्यावरच. उतरवून घेतलेल्या फाइली मात्र इथेच राहतील. ज्या संकेतस्थळावर जाल त्याला तुमचा परतीचा पत्ता दिसतो. ज्याच्या जोडणीवरून जाल, म्हणजे शाळा किंवा इंटरनेट कंपनी, त्याला तुम्ही कोणत्या संकेतस्थळावर गेलात ते कळू शकते. नाव सांगून आत गेलात तर तिथले लोक तुम्हाला नावाने ओळखतात, आम्हीसुद्धा. ही खिडकी व्हायरस अडवत नाही. आणि एकदा मागे वळून पाहा, कोणी उभे आहे का."

हे वाचून दाखवण्याआधी आम्ही एक खेळ खेळलो. एक मुलगा ग्राहक, तीन मुली दुकानदार, आणि प्रत्येक दुकानाशेजारी एकाच पेढीचा एकेक मुनीम. ग्राहकाने प्रत्येक दुकानात पत्त्याची चिठ्ठी द्यायची आणि मिळालेला नंबर कागदी पिशवीत ठेवायचा. पहिली फेरी साध्या पिशवीची. दुसरी फेरी नव्या पिशवीची. या वेळी मुनिमाला नंबर दाखवायचा नाही आणि शेवटी पिशवी फाडायची. तिसऱ्या फेरीत ग्राहकाने एका दुकानात आपले नाव सांगायचे. प्रत्येक फेरीनंतर सगळ्यांच्या वह्या फळ्यासमोर वाचायच्या. दुसऱ्या फेरीनंतर मुनिमांच्या वह्यांत नंबर नव्हते, पण पत्ते होते. ते एका मुलीने न सांगता हेरले. एका तासात हे होते, आणि संगणक नसला तरी चालते.

तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. घरात एकच फोन, तोही दादाचा. तिला काही वाचायचे होते, काय ते तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. "बाई, दादाला कळू नये एवढेच हवे असेल, तर चालेल का ती खिडकी?"

"चालेल," मी म्हटले. "काही उतरवून घेऊ नकोस, त्यात लॉगिन करू नकोस आणि वाचून झाले की सगळ्या खिडक्या बंद कर. जिथे वाचशील त्यांच्या वहीत मात्र तुमच्या घरचा पत्ता राहील."

"ते राहू दे," ती म्हणाली. "ते काही आमच्या घरी जेवायला नसतात."

खिडकी कोणासाठी बनली आहे हे तिला त्या पानापेक्षा चांगले समजले होते. कोणापासून काय राखायचे आहे, हे तिने आधी ठरवले आणि मग साधन विचारले. उद्या तिला दादापासून नव्हे तर जाहिरातवाल्या पेढीपासून काही राखायचे असेल, तर ही खिडकी पुरणार नाही. तिला तेव्हा दुसरे साधन शोधावे लागेल आणि आपल्याला दुसरा तास घ्यावा लागेल.